अनोळखी पैसा दावणीला बांधू नका

समजा, दिवेलागणीच्या वेळी एक अनोळखी माणूस तुमच्या दारात आला आणि म्हणाला, "माझी चार जनावरे आजची रात्र तुमच्या गोठ्यात बांधू द्या. सकाळी दुसरा माणूस येऊन घेऊन जाईल. तुम्हाला पाचशे रुपये देतो." तुम्ही काय कराल? जनावरे कोणाची, बाजारची पावती कुठे आहे, इथेच का बांधायची, असे दहा प्रश्न विचाराल. कारण चोरीचे जनावर ज्याच्या दावणीला सापडते, त्यालाच पोलीस आधी धरतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

हाच प्रकार आज मोबाईलवर नोकरीच्या नावाने चालला आहे. फरक एवढाच, की जनावरांच्या जागी पैसा असतो आणि गोठ्याच्या जागी आपले बँकेतील खाते.

नोकरी दाराशी कशी येते?

मुलगा किंवा मुलगी शिकून भरतीची वाट पाहत असते. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर मजकूर येतो, 'घरबसल्या काम, रोज २ ते ३ हजार रुपये, अनुभवाची गरज नाही.' सुरुवातीचे काम म्हणजे पोरखेळ. एखादा व्हिडिओ पाहून लाईक करायचे, एखाद्या हॉटेलला चांगला शेरा द्यायचा. त्याचे शे-दोनशे रुपये खरोखरच जमा होतात. हे रुपये म्हणजे गळाला लावलेले गांडूळ होय.

पुढे दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेवर पैसे मागितले जातात. 'हजार भरा, तेराशे मिळतील.' एकदोनदा मिळतातही. मग ५ हजार, २० हजार, ५० हजार. पडद्यावर नफ्याचा आकडा फुगत जातो, पण काढायला गेले की 'आधी कर भरा', 'अनामत भरा', असे उत्तर येते. तो आकडा पाटीवर खडूने लिहिल्यासारखा असतो. त्यामागे पैसा नसतोच.

दुसरी वाट अधिक घातक, कारण तिथे आपले काही जात नाही, उलट मिळते. 'कंपनीचे ग्राहक तुमच्या खात्यात पैसे भरतील. शेकडा दोन रुपये तुम्ही ठेवा, बाकीचे आम्ही सांगू त्या खात्यावर लगेच पाठवा.' या कामाला 'पेमेंट एजंट' असे भारदस्त नाव देतात. कधी पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याशी जोडलेले सिमकार्डच भाड्याने मागतात.

तो पैसा कोणाचा?

लाखोंची उलाढाल करणाऱ्या कंपनीला स्वतःचे खाते नसेल काय? तो पैसा कुठल्यातरी फसवल्या गेलेल्या माणसाचा असतो. चोराला तो स्वतःच्या नावावर घेता येत नाही. म्हणून पाच-दहा खात्यांतून फिरवून तो माग पुसतो. खाते आपले आणि कारभार त्याचा, आयत्या बिळावर नागोबा! बँका अशा खात्याला 'म्यूल अकाउंट' म्हणतात. म्यूल म्हणजे दुसऱ्याचे ओझे वाहणारे खेचर.

या धंद्याची मुळे दूरवर गेली आहेत. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे मायदेशी आणले. परदेशी नोकरीच्या खोट्या आमिषाने फसलेल्या अशा लोकांना म्यानमारमधील अड्ड्यांत इतरांना फसवण्याच्याच कामाला जुंपले जात होते.

भुर्दंड घराला

ज्याचे पैसे गेले, तो तक्रार करतो. पोलीस खात्यावरून खात्याचा माग काढतात. चोराचा पत्ता लागो न लागो, आपले नाव आणि आधार क्रमांक बँकेत असतातच. खाते रोखले जाते. याच खात्यावर पीककर्ज, पीएम किसानचा २ हजारांचा हप्ता, दुधाचे पैसे आणि उसाचे बिल येत असते. पेरणी तोंडावर आलेली, खत-बियाणे घ्यायचे, आणि पैसे असून काढता येत नाहीत, अशी गत होते. गुन्हा परराज्यात नोंदला असेल, तर तिथल्या पोलिसांपुढे खुलासा करावा लागतो. मुलगा पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करत असेल, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी हा गुन्हा आडवा येऊ शकतो. शेकडा दोन रुपयांपायी केवढा हा सौदा!

या खुणा ध्यानात ठेवा

• मुलाखत नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, सारे बोलणे फक्त मोबाईलवर.
• कामापूर्वी नोंदणी, गणवेश, लॅपटॉप किंवा प्रशिक्षणासाठी पैशाची मागणी.
• आपल्या खात्यात परक्याचे पैसे घेऊन पुढे पाठवण्याचे काम.
• पासबुक, कार्ड, सिमकार्ड किंवा ओटीपी मागणे.
• 'घरी सांगू नका', 'आत्ताच पाठवा' अशी घाई.

यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला, तर पैसे येणार नाहीत, जाणार आहेत असे समजावे.

फसगत झालीच तर

पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसा पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आला, तरच तो हाती लागण्याची आशा असते. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. आलेले मजकूर पुसू नयेत, तोच पुरावा असतो.

अनोळखी पैसा खात्यात आला असल्यास तो खर्चू नये, आणि कोणी फोन करून 'चुकून आला, परत पाठवा' म्हणाले तरी परस्पर पाठवू नये. बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. कार्ड किंवा सिम दुसऱ्याच्या हाती दिले असेल, तर त्याच दिवशी बंद करावे आणि पोलिसांना कळवावे.

घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. मुलाने अशी गोष्ट सांगितली, तर आधी रागावू नका. बोलण्याच्या भीतीने मुले आठ-आठ दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात चोराचे काम फत्ते होते. आधी फोन लावा, मग त्याला शेजारी बसवून सावकाश विचारा.

खरी नोकरी कष्ट घेते आणि पगार देते. जी नोकरी आपले पैसे मागते किंवा परक्याचे पैसे वाहायला लावते, ती नोकरी नव्हेच.