पेल्यातील पिंपळपान

किहीम येथील आमच्या वसतिगृहात राहून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना पूर्वेकडील ओसरी आठवत असेल. सकाळची वंदना आटोपली की मुले स्टीलचे पेले घेऊन तेथे दुधासाठी बसतात. नारळीच्या झावळ्यांतून आलेले ऊन पेल्यात तिरपे उतरले म्हणजे दुधावर एक तेजस्वी रेषा उमटते. दोन कमानी मधोमध एका टोकाशी मिळालेल्या, जणू बदामाच्या आकृतीची वरची खाच.

काही वर्षांपूर्वी एका लहान विद्यार्थ्याने, हे बोधिवृक्षाचे पान आहे आणि ते ज्याच्या पेल्यात दिसते त्याचा दिवस चांगला जातो, असे सांगितले. दोन दिवसांत ही समजूत वसतिगृहभर पसरली. खांबाच्या सावलीत बसणारा एक मुलगा तर आपल्या पेल्यात पान उमटत नाही म्हणून रडू लागला. समजूत आपल्याच श्रद्धेचे रूप घेऊन आली होती, त्यामुळे ती मोडावी की नाही, असा प्रश्न आम्हां शिक्षकांपुढे उभा राहिला. परंतु केवळ ऐकीव म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. त्यांचे नाव घेणाऱ्या शाळेने ही समजूत तपासल्यावाचून सोडणे योग्य नव्हते.

तपासणी मुलांनीच केली. रडणाऱ्या मुलाला उन्हात बसविले. त्याच्याही पेल्यात पान उमटले. पेला जागच्या जागी फिरविला. आकृती फिरली नाही, तिचे टोक सूर्याच्याच दिशेला राहिले. चौकोनी डब्यात दूध ओतले; आकृती नाहीशी झाली. रुंद पट्टीचे कडे कागदावर ठेवले. दुधावाचूनच ती कागदावर उमटली.

कारण सोपे आहे. सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. पेल्याच्या समोरच्या भिंतीवर ते ज्या कोनाने पडतात, त्याच कोनाने परततात. भिंत गोल असल्याने प्रत्येक किरणाची परतीची दिशा निराळी होते, आणि काही ठिकाणी या किरणांची दाटी होते. ती दाटीची सीमा म्हणजेच आपल्याला दिसणारी रेषा. तिचे टोक पेल्याचा मध्य आणि समोरची भिंत यांच्या बरोबर मध्यावर येते. पेला ८ सेंटिमीटर रुंद असेल, तर ते भिंतीपासून सुमारे २ सेंटिमीटरांवर सापडते. मुलांनी वर्तुळ काढून त्यात पट्टीने परतीचे किरण आखले, तेव्हा सरळ रेषांच्या गर्दीतून तेच वक्र आपोआप प्रकट झाले.

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी प्रकाशावरील आपल्या १६९० च्या ग्रंथात या वक्राचे विवेचन केले आहे. अशा रेषांना 'कॉस्टिक' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जाळणारा. तो यथार्थ आहे. २०१३ साली लंडनमधील एका उंच इमारतीच्या आत वळलेल्या काचेरी दर्शनी भागाने ऊन असे एकवटले की रस्त्यावरील मोटारीचे काही भाग वितळले. म्हणून चकचकीत भांड्यातील सूर्याच्या प्रतिबिंबाकडे मुलांनी टक लावून पाहू नये, हे पालकांनी अवश्य सांगावे.

याच किहीममध्ये १९३० च्या सुमारास डॉ. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी चिकाटीने निरखली. एकच नर क्रमाने अनेक घरटी विणतो आणि त्यांत वेगवेगळ्या माद्या नांदतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्यापाशीही मुख्य साधन होते ते उघड्या डोळ्यांचे आणि धीराचे.

आमची मुले आजही त्या आकृतीला पिंपळपान म्हणतात, आणि आम्ही त्यांना अडवीत नाही. मात्र ते कोणाच्या पेल्यात उमटेल, असे विचारले तर सगळी एका सुरात सांगतात, "जो उन्हात बसेल त्याच्या!" ओसरीवरच्या खांबाच्या सावलीत आता कोणाचीही जागा ठेवलेली नाही.