लेकीला तेल कंपनीचा कॉल आला तर

आपल्या गटांतल्या बायकांच्या मुली आता मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल शिकून बाहेर पडतायत. एखादीला तेल कंपनीतून फील्ड इंजिनियरच्या मुलाखतीचा कॉल येतो आणि घरात पहिला प्रश्न निघतो, हे काम तरी कसलं?

मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर भर समुद्रात मुंबई हाय आहे. 1974 साली तिथं तेल लागलं. विहीर खोदली की केबलला मोजमापाची यंत्रं जोडून आत सोडतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, तेलातून जात नाही. त्यावरून कुठल्या थरात काय आहे याचा अंदाज येतो. असली यंत्रं सांभाळायची, तीही बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये.

म्हणून मुलाखतीत पुस्तकातलं विचारतात तसं माणूसही जोखतात. घरापासून आठवडेच्या आठवडे लांब राहशील का? रात्री दोनला यंत्र अडलं तर काय करशील? इथं ‘लगेच दुरुस्त करते’ म्हणून चालत नाही. आधी काम थांबवायचं, माणसं सुरक्षित आहेत ना बघायचं, वरिष्ठांना कळवायचं, मग यंत्र. आपली चूलसुद्धा भडकली तर आपण आधी पोरं बाजूला करतो ना? लग्नाचं कुणी विचारलंच तर चिडू नये. कामाच्या वेळा मला ठाऊक आहेत, माझी तयारी आहे, एवढं पुरे.

मुलाखत, मेडिकल किंवा ट्रेनिंगचं डिपॉझिट म्हणून कुणी पैसे मागितले, तर त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका. ते पत्र घेऊन आधी बैठकीला या, कंपनीच्या वेबसाइटवर आपण मिळून तपासू.