हिरवा, पण पाचू नव्हे!

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं तर काय होतं? ते कळकतं, हिरवट दिसू लागतं. ही पितळेतल्या तांब्याची करामत! जमिनीच्या पोटातही तांब्यापासून हिरवी खनिजं बनतात. त्यातलंच एक देखणं खनिज म्हणजे डायोप्टेज.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कझाकस्तानात अल्टीन-ट्यूबे इथे गर्द हिरवे, चमकदार स्फटिक सापडले. लोकांना वाटलं, पाचूच मिळाले! पण १७९७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रने आयुई यांनी हे वेगळंच खनिज असल्याचं दाखवलं. नाव दिलं डायोप्टेज. ग्रीक भाषेतल्या ‘आरपार पाहणे’ या अर्थाच्या शब्दांवरून ते आलं. स्फटिक ज्या सपाट पातळ्यांवर फुटतो, त्या बाहेरून आत पाहिल्यावर दिसतात ना, म्हणून!

मग दोघांतला फरक ओळखायचा कसा? कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, पाचू साडेसात ते ८, गारगोटी ७ आणि डायोप्टेज अवघा ५. म्हणजे गारगोटीने डायोप्टेजवर ओरखडा उठतो, पाचूवर नाही. पण थांबा! संग्रहातल्या नमुन्यावर हा प्रयोग करायचा नाही हं. एकदा उठलेला ओरखडा पुन्हा जात नाही. त्यापेक्षा भिंगातून आकार पाहा. पाचूचा स्फटिक सहा बाजूंच्या खांबासारखा, बहुधा सपाट माथ्याचा असतो. डायोप्टेजचा आखूड आणि टोकदार.

डायोप्टेजचे अतिशय सुंदर नमुने आफ्रिकेतल्या नामिबिया देशात, त्सुमेबच्या खाणीत मिळाले. १९९६ साली तिथलं मोठं खाणकाम थांबलं. त्यामुळे जुन्या नमुन्यांचं मोल वाढलं. पण नमुना तिथलाच, हे सांगणार कोण? त्याच्यासोबतची चिठ्ठी! जाणकार संग्राहक त्यावर असं लिहितो : ‘डायोप्टेज. त्सुमेब खाण, नामिबिया. पांढऱ्या कॅल्साइटवर. सर्वांत मोठा स्फटिक १ सेंटिमीटर.’ ही चिठ्ठी हरवली, की दगडाचा पत्ताच हरवला.

आणखी एक. तांब्याची भांडी आई चिंचेनं लख्ख करते, पण असा नमुना चिंच-लिंबानं घासू नका. आंबट रसात खालचं कॅल्साइट विरघळतं.

तुमच्याही डब्यात नदीकाठचे, डोंगरावरचे दगड असतील. कुठे आणि कधी सापडले, ते आठवतंय तोवर आजच चिठ्ठ्या लिहा बरं!