तक्रार नसलेला आजार

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायका तपासल्या होत्या. त्यांतल्या ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार, आणि त्यातला निम्मा भार जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचा. ९२ हा आकडा पुढे पुष्कळ भाषणांतून फिरला. मला मात्र त्याच निबंधातला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो : ४५ टक्के बायकांची काहीही तक्रार नव्हती.

याचं एक कारण उघड आहे : ‘अंगावरून पांढरं जातं’ हे सांगायची लाज, सांगायचं कुणाला हा प्रश्न, आणि ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ ही समजूत. आधी तपासणी आणि उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या, यावरून ते कळतंच. पण सगळा दोष लाजेच्या माथी मारता येत नाही. यातले काही जंतू मुळातच आवाज न करता काम करतात.

योनिमार्ग निर्जंतुक कधीच नसतो. जर्मन डॉक्टर अल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्ये तिथल्या लॅक्टोबॅसिलस जंतूंचं वर्णन केलं. दही लावणाऱ्या जंतूंची ही भावंडं. पेशींतल्या साखरेपासून ती लॅक्टिक आम्ल बनवतात आणि तिथला सामू साधारण ४.५ च्या खाली ठेवतात. त्या आंबट वातावरणात परके जंतू सहसा तग धरत नाहीत. (म्हणूनच साबणाने आतून धुण्याची ‘स्वच्छता’ अंगाशी येते.) ही वस्ती उठली की गार्डनेरेला आणि प्राणवायूविना जगणारे इतर जंतू माजतात, माशासारखा वास येतो, पातळ करडा स्राव जातो. गंमत म्हणजे यात लाली, सूज फारशी नसते. दाह दिसत नाही म्हणूनच डॉक्टर याला ‘व्हजायनायटिस’ न म्हणता ‘व्हजायनोसिस’ म्हणतात.

खरा घात वर होतो, गर्भनलिकेत. या नळीचं अस्तर म्हणजे मखमल : त्यावरचे सूक्ष्म केस एका लयीत हलत राहतात आणि बीजाला गर्भाशयाकडे सरकवतात. परम्याचा जंतू, गोनोकॉकस, चिकटतो तो बिनकेसांच्या पेशींना. मरतात मात्र शेजारच्या केसाळ पेशी. जंतूच्या भिंतीचे सुटलेले तुकडे आणि त्यांनी चाळवलेली शरीराची रसायनं त्यांचा बळी घेतात.

क्लॅमिडिया या जंतूची तऱ्हा आणखी निराळी. डोळ्यांच्या खुपऱ्याही त्याच्याच. १९०७ मध्ये जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांनी खुपऱ्या झालेल्या डोळ्यांतला खरवड ओरांगउटानच्या डोळ्यांत घातला आणि पेशींच्या आत त्याचे पुंजके पाहिले. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावाचून तो वाढत नाही, म्हणून कित्येक वर्षं त्याला विषाणूच समजत. दोन-तीन दिवसांत तो पेशीत आपली संख्या वाढवतो आणि बाहेर पडून शेजारी शिरतो. बाधित पेशी धोक्याची रसायनं सोडते, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंबरोबर अस्तरही जाळतात. मग डागडुजी सुरू होते, आणि ही डागडुजीच नडते. मखमलीच्या जागी व्रणाची चिवट ऊती येते, पदर एकमेकांना चिकटतात, नळी अरुंद होते किंवा पार बुजते. बहुसंख्य बायकांना यातलं काही जाणवत नाही; जाणवलंच तर ओटीपोटात बारीक कळ, आणि ती तर पाळीच्या खात्यावर जमा होते.

स्वीडनमधल्या लुंड इथे वेस्ट्रॉम यांनी ओटीपोटात असा दाह झालेल्या स्त्रियांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. ओटीपोटाच्या दाहाचा एक झटका येऊन गेलेल्यांत नळ्यांमुळे वंध्यत्व सुमारे ८ टक्के, दोन झटक्यांनंतर जवळपास २०, तिसऱ्यानंतर ४०. अर्धवट मोकळ्या नळीत गर्भ अडकून तिथेच वाढू लागला, तर जिवावर बेततं.

आपल्याकडे या यादीत क्षयाचं नाव घालावंच लागतं. फुप्फुसातला जंतू रक्तावाटे येतो आणि बहुतेक वेळा आधी नलिकाच धरतो. खोकला कधीच थांबलेला असतो. ‘नळ्या बंद आहेत’ हे कळतं ते लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून दाखवायला गेल्यावर. तोवर घरादाराने तिला वांझ ठरवलेलं असतं.

सरकारी दवाखान्यांत लक्षणांवरून उपचार करायची रीत आहे : विशिष्ट तक्रारीला ठरावीक रंगाचा औषधसंच. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही सोय मोलाचीच. पण तिची सुरुवात तक्रारीपासून होते, आणि गडचिरोलीतल्या त्या ४५ टक्क्यांकडे तक्रारच नव्हती. शिवाय पांढरं जाण्यावरून गर्भाशयमुखातला क्लॅमिडिया ओळखणं बेभरवशाचं. उगाच औषध मिळणाऱ्याही पुष्कळ, आणि हवं ते न मिळणाऱ्याही.

आणि नवरा? परमा, क्लॅमिडियात जोडीदाराला औषध देणं पुस्तकात केव्हाच आलं. व्हजायनोसिस मात्र बाईचाच मानला गेला. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२५ मध्ये १६४ जोडप्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली : केवळ बाईला औषध दिलं तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना तो उलटला, पुरुषालाही दिलं तेव्हा ३५ टक्के. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पुरुषांना द्यायचं होतं ते एवढंच : सात दिवस गोळ्या, आणि दिवसातून दोनदा लावायचं मलम.