छोटे गड, छोटी माणसं – भाग ७ : मेणातलं सोनं

पाचाडहून रायगडावर जाणारा प्रत्येकजण मेघडंबरीपाशी हात जोडतो. पण ६ जून १६७४ ला तिथे काय झळकत होतं, ते आज डोळ्यांनी पाहता येत नाही. दिवाळीच्या किल्ल्यात किंवा घरातल्या काचेच्या पेटीत शिवराज्याभिषेकाचा देखावा मांडायचा, तर ती झळाळी आपल्यालाच आणावी लागते.

काय दाखवायचं याची माहिती मात्र आहे. सभासद बखरीत बत्तीस मण सोन्याचं सिंहासन आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन सोहळ्याला हजर होता. सिंहासनाशेजारी सोनेरी भाल्यांवर लावलेली राजचिन्हं त्याने नोंदवली आहेत : एका बाजूला मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल सोन्याचा तराजू.

आपला माणूस जेमतेम दोन इंचांचा. त्या मापात मत्स्यमुख हरभऱ्याच्या दाण्याएवढं होतं. त्यावर बाटलीतला सोनेरी रंग ब्रशने चढवला की दात बुजतात. शिवाय त्या रंगात धातूचे कण वेडेवाकडे अडकून राहतात, म्हणून चमक भुरकट दिसते. याउलट मेणाच्या रंगात मेण थोडं आणि धातूची पूड भरपूर असते. घासलं की चपटे कण पृष्ठभागाला समांतर निजतात आणि उजेड एकसारखा परततो. खऱ्या धातूचा भास होतो तो यामुळे.

या रंगाची तयार नळी म्हणून ‘रब एन बफ’ प्रसिद्ध आहे. अमेरिकेतली अमाको कंपनी ती बनवते. त्यात ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण असतं. नळी महाग वाटली तर पारदर्शक फर्निचर वॅक्समध्ये बारीक सोनेरी पावडर कालवूनही काम भागतं. कालवताना नाकाला मास्क हवाच, ती पूड फार हलकी असते.

शाडू किंवा प्लास्टर मेण पिऊन टाकतं, म्हणून आधी लॅकरचा हात द्यावा. सोन्याखाली विटकरी आणि चांदीखाली काळा रंग. वर्ख लावणारे कारागीरही सोन्याखाली तांबडी माती घेत, कारण फटीतून डोकावणारा तांबूसपणा सोन्याला ऊब देतो.

आता करंगळीचं टोक नळीच्या तोंडाला नुसतं टेकवा आणि जवळजवळ सगळं मेण कागदावर पुसून टाका. बोटावर उरलेला पुसट थर दातांवरून आडवा फिरवा. उंचवटे सोनेरी होतात, खाचा विटकरीच राहतात, आणि दात मोजता येतात. थोडा वेळ थांबून जुन्या मलमलीने हलकेच घासा. भाल्याच्या टोकाला बोट पोचत नाही, तिथे आखूड कापलेला ब्रश टर्पेंटाइनच्या थेंबात भिजवून वापरा.

हे काम सगळ्यात शेवटी. मेणावर पाण्याचे रंग धरत नाहीत, मास्किंग टेप लावली तर सोनं टेपबरोबर निघून येतं, आणि टर्पेंटाइनवाला व्हार्निश मारला की कण पुन्हा विस्कटून चमक मरते. त्यामुळे वर काहीच मारू नये, मूर्ती पाटाला धरून उचलावी. महाडकडच्या पावसाळ्यात पितळी पूड हवेतल्या दमटपणाने हळूहळू काळवंडते, तेव्हा काचेची पेटी घट्ट बंद हवी.

एक आग्रहाने सांगतो, दिसेल तिथे सोनं फासू नका. लोखंडी तोफेला काळ्या रंगावर शिसपेन्सिलीची पूड चोळली की पुरे. जिजाऊंच्या मूर्तीला तर मी मेणाचं बोटही लावत नाही. त्यांचे पती शहाजीराजे १६६४ मध्ये गेले होते; या सोहळ्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाडात जिजाऊंनीही देह ठेवला. त्यांना पांढरं, निस्तेज वस्त्रच द्यावं. दरबारातली सगळी चमक सिंहासनाकडे राहते आणि नजर तरीही त्यांच्याकडे जाते.

पुढच्या भागात राजवाड्याच्या दारातले हत्ती आणि सोन्याच्या साजाचे घोडे घेऊ. एवढ्या अवघड वाटेने ते गडावर आणले कसे, याचं ऑक्झेंडनलाही नवल वाटलं होतं.