गिझर उतरवण्याआधी पाणी काढा

थंडी पडली की फजरच्या वजूला गरम पाणी हवेसे वाटते आणि जुना गिझर बदलायची घाई होते. हे काम वाटते तितके हलके नाही. २५ लिटरचा रिकामा गिझर साधारण १० किलोचा असतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून भरलेली टाकी ३५ किलोच्या आसपास जाते. स्टुलावर चढून एवढे ओझे एकट्याने पेलणे धोक्याचे आहे.

पाणीपुरवठा बंद करून गरम नळ उघडला की टाकी रिकामी होते, असा समज आहे. तसे होत नाही. खालून थंड पाणी आत आले तरच वरचे गरम पाणी बाहेर पडते. त्यामुळे पाणी टाकीतच राहते.

म्हणून आधी मेन स्विच बंद करा. पाणी निवू द्या. थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ उघडा. मग आत येणाऱ्या पाइपाची जोडणी सेफ्टी व्हॉल्व्हसकट सोडवून बादलीत पाणी काढा. ओली फरशी पुसा. दोघांनी मिळून टाकीला खालून आधार द्या. पाइप धरून उचलू नका. नवा गिझर रिकामाच टांगा आणि गरम नळाला सलग धार आल्यावरच स्विच लावा.

हाताखालच्या माणसावर झेपणार नाही असे काम टाकू नये, टाकलेच तर त्याला हात द्यावा, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. प्लंबर एकटाच आला असेल, तर टाकीची दुसरी बाजू आपण धरावी.