घर बांधतानाचा कार्बन आणि शासनाचे नियम

घर वापरताना वीज किती लागते, हे महिन्याच्या बिलावरून आपल्याला कळते. परंतु ते घर उभे राहण्यापूर्वी सिमेंट, पोलाद, विटा व काच तयार करताना जो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याचे बिल कोणाच्याही हाती पडत नाही. म्हणूनच या उत्सर्जनाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. आता काही देशांनी त्यावर कायद्याने मर्यादा घातली आहे. ती कशी, हे आपण पाहू.

प्रथम सिमेंटचे उदाहरण घेऊ. चुनखडी व माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून क्लिंकर तयार करतात. भट्टीतील कोळशाचा धूर होतोच. पण त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून बाहेर पडतो. त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून नव्या इमारतींना या उत्सर्जनाचा हिशेब सक्तीचा केला. १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींना मर्यादाही घातली : प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो. हिशेब ५० वर्षांचा धरतात आणि त्यात बांधकाम साहित्य व वापरातील ऊर्जा दोन्ही येतात. म्हणजे १००० चौरस मीटरच्या इमारतीला ५० वर्षांत ६०० टनांची मुभा. १ जुलै २०२५ पासून नियम आणखी कडक झाला. मर्यादा इमारतीच्या प्रकारानुसार वेगवेगळी ठरली व तिची सरासरी ७.१ किलोवर आली. साहित्याची वाहतूक व प्रत्यक्ष बांधकामाची जागा यांसाठी १.५ किलोची स्वतंत्र मर्यादा ठेवली गेली.

या नियमाचे मर्म असे की, कोणते साहित्य वापरा हे सरकार सांगत नाही. फक्त बेरीज मर्यादेत बसली पाहिजे. मग वास्तुविशारद नकाशा काढतानाच विचार करू लागतो. स्लॅब कमी जाडीचा चालेल का? लाकूड वापरता येईल का? फ्रान्समध्येही २०२२ पासून असा नियम लागू होऊ लागला, तर स्वीडनने त्याच वर्षी मर्यादा न घालता केवळ हिशेब जाहीर करणे बंधनकारक केले.

भारतात अशी प्रति चौरस मीटर मर्यादा देशभर लागू नाही. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचा भर वापरातील ऊर्जेवर होता. २०२२ च्या कायदा दुरुस्तीने कार्बन क्रेडिट व्यापाराला आधार दिला आणि २०२५ मध्ये सिमेंट कारखान्यांसाठी उत्पादनाच्या प्रमाणात उत्सर्जनाची लक्ष्ये अधिसूचित झाली. म्हणजे आपल्याकडे बंधन आले ते कारखान्यावर, इमारतीवर नव्हे. औष्णिक वीज केंद्रांतील राख मिसळलेले सिमेंट मात्र आपण पूर्वीपासून वापरतो. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. तेवढे क्लिंकर वाचते.

येथे एक गोष्ट आम्हांस आवर्जून सांगावीशी वाटते. ज्यांच्या डोक्यावर आजही पक्के छप्पर नाही, त्यांच्या घराच्या आड असा नियम येता कामा नये. डेन्मार्कनेही सुरुवात मोठ्या इमारतींपासून केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उद्या आपल्याकडे मर्यादा आलीच, तर ती प्रथम आलिशान मनोऱ्यांना लागू व्हावी, एका खोलीच्या घराला नव्हे.

आपल्यातील अनेक विद्यार्थी स्थापत्य शाखेत शिकत आहेत. त्यांनी खर्चाच्या अंदाजपत्रकाशेजारी कार्बनचाही एक रकाना मांडण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी. जुनी, मजबूत इमारत पाडण्यापूर्वी ती दुरुस्त होते का, हेही पाहावे. कारण एकदा ओतलेल्या काँक्रीटचा कार्बन परत घेता येत नाही.